रोजच्या ६० मिलीने कर्करोगाचा धोका खरोखर वाढतो का?

प्रश्न (तासगाव):
मी रोज रात्री जेवणापूर्वी ६० मिली व्हिस्की घेतो. तंबाखू, गुटखा कधीच नाही आणि यकृताच्या तपासण्याही व्यवस्थित आहेत. आमच्याकडील बागायतदारांची अशी समजूत आहे की कर्करोग अट्टल पिणाऱ्यांनाच होतो आणि वाईन तर हृदयाला हितकारकच असते. पत्नीला हे पटत नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (सांगली):
दादा, वहिनींची शंका रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याचा समावेश, माणसाला कर्करोग होण्यास कारणीभूत ठरतात हे निश्चित झालेल्या घटकांत केला. शरीरात मद्यार्कापासून अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होते, ते पेशींतील डीएनएला इजा करते, आणि म्हणूनच तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे व स्त्रियांचे स्तन यांच्या कर्करोगाशी मद्याचा संबंध सिद्ध झाला आहे. यकृताचा अहवाल चांगला आला म्हणून अन्ननलिकेची किंवा आतड्याची हमी मिळत नाही.

उत्तर (पलूस):
वाईनपुरते सांगतो. आमचीही द्राक्षबाग आहे आणि वाईन उद्योग वाढावा असे मलाही मनापासून वाटते. पण १२ टक्क्यांच्या १०० मिली वाईनमध्ये सुमारे साडेनऊ ग्रॅम मद्यार्क असतो आणि ३० मिली व्हिस्कीत सुमारे दहा, त्यामुळे पेशींच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. हृदयाला फायदा दाखवणाऱ्या अनेक जुन्या अभ्यासांत, प्रकृती बिघडल्यामुळे दारू सोडलेले लोकही ‘न पिणारे’ म्हणून मोजले गेले होते, आणि त्यांच्याशी तुलना केल्यावर माफक पिणारे साहजिकच निरोगी दिसले.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. परंतु धोका नेमका किती वाढतो?

उत्तर (सातारा):
अमेरिकेच्या सर्जन जनरलनी (तेथील सरकारचे सार्वजनिक आरोग्यविषयक प्रमुख सल्लागार) जानेवारी २०२५ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला एक ड्रिंकही न घेणाऱ्या १०० पुरुषांपैकी सुमारे १० जणांना आयुष्यात मद्याशी संबंधित कर्करोग होतो. रोज एक घेणाऱ्यांत ११, तर रोज दोन घेणाऱ्यांत १३. स्त्रियांमध्ये हेच आकडे सुमारे १७, १९ आणि २२ आहेत, कारण त्यांच्यात स्तनाच्या कर्करोगाची भर पडते. तेथील एक ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम मद्यार्क. तुमच्या ६० मिलीत सुमारे २० ग्रॅम आहे, म्हणजे दीड ड्रिंकच्या जवळपास. वाढ प्रचंड नाही, पण ती शून्यही नाही. प्रमाण कमी केल्यास किंवा मद्य सोडल्यास तोंडाच्या व अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका घटतो, यास पुरेसा पुरावा असल्याचे वर उल्लेखलेल्या संस्थेने २०२३ मध्ये नोंदवले आहे.