'एंडर्स गेम': विगिन भावंडांची नाती टिपणात कशी मांडावीत?

प्रश्न
ऑर्सन स्कॉट कार्ड यांच्या 'एंडर्स गेम' (१९८५) या कादंबरीवर वाचनमंडळासाठी टिपण लिहायचं आहे. विषय: तिन्ही भावंडांमधली परस्परविरोधी नाती. 'पीटर क्रूर, व्हॅलेंटाइन मायाळू आणि एंडर दोघांच्या मधोमध' एवढ्यावरच गाडी अडते. कोणते प्रसंग घ्यावेत?

प्रतिसाद १
ती वाटणी परग्रहवासीयांशी लढायला सेनापती शोधणाऱ्या सैन्याने केलेली आहे. दोन मुलांची मर्यादा असताना विगिनांना तिसऱ्याची परवानगी मिळते, कारण थोरला फार निर्दय ठरला आणि मधली फार कनवाळू. तोच निकाल खरा मानून लिहायला बसलात तर टिपण पुढे सरकणार नाही.

१५ प्रकरणांपैकी २ रं पीटरच्या नावाचं आहे आणि १३ वं व्हॅलेंटाइनच्या. ही दोन लागोपाठ वाचा. दुसऱ्यात दहा वर्षांचा पीटर सहा वर्षांच्या एंडरला परग्रहवासीयाचा मुखवटा घालायला लावतो, त्याच्या छातीखाली, पोटावर गुडघा रोवतो आणि मारून टाकायची धमकी देतो. तेराव्यात तळ्यातल्या तराफ्यावर बसून व्हॅलेंटाइन त्याची समजूत काढते. पहिल्या प्रसंगानंतर एंडर घर सोडून अंतराळातल्या लष्करी शाळेत, बॅटल स्कूलला जातो, दुसऱ्यानंतर पुन्हा पृथ्वी सोडून पुढच्या टप्प्याच्या कमांड स्कूलला. एकाचा धाक आणि दुसरीची माया, दोन्ही त्याला सैन्याच्याच हाती देतात. माझ्या मते टिपणाचा कणा हाच असावा.

मधल्या भागातलं पत्रही घ्या. बॅटल स्कूलचा प्रमुख कर्नल ग्राफ याच्या सांगण्यावरून व्हॅलेंटाइन ते लिहिते. मजकूर तिचाच आहे, पण ते आपल्याला हलवण्यासाठी लिहवून घेतलंय हे एंडर लगेच ओळखतो. तिथून तिची मायासुद्धा त्याच्यासाठी निखळ राहत नाही.

प्रतिसाद २
पीटर आणि व्हॅलेंटाइन यांचं आपसातलं नातं विसरू नका, बहुतेक टिपणांत तेच गळतं. ९ व्या प्रकरणात तो १२ वर्षांचा, ती १० वर्षांची. दोघं टोपणनावांनी राजकीय लेखन सुरू करतात आणि भूमिका मुद्दाम उलट्या वाटून घेतात: संयमी 'लॉक' पीटरकडे, आग ओकणारा 'डेमॉस्थेनिस' व्हॅलेंटाइनकडे. मायाळू मुलगी द्वेषाची भाषा इतकी सफाईने लिहू लागते की वडील तिची मतं जेवणाच्या टेबलावर पसंतीने ऐकवतात, आणि ती आतून हादरते. 'कनवाळू' हा शिक्का इथे टिकत नाही. पीटरला ती घाबरतेच, पण त्याच्या बुद्धीची ओढही तिला सोडत नाही. हे दोन्ही एकत्र लिहा, एक गाळलंत की पात्र सपाट होतं.

प्रतिसाद ३
वरच्यात दोन गोष्टींची भर.

मुखवट्याच्या त्याच रात्री एंडर झोपलाय असं समजून पीटर त्याच्या बिछान्यापाशी येतो, माफी मागतो आणि प्रेम आहे म्हणतो. हा परिच्छेद घाईत सुटतो. तो वगळला तर शेवट अचानक आल्यासारखा वाटतो, कारण तिथे ७७ वर्षांचा, हृदय थकलेला पीटर अँसिबलवरून (ताऱ्यांमधल्या अंतरांवरही तत्काळ संपर्क करून देणारं यंत्र) धाकट्याशी तासन् तास बोलतो, आणि एंडर त्याचं आयुष्य गुन्ह्यांसकट, चांगुलपणासकट लिहून काढतो.

दुसरं, बॅटल स्कूलमध्ये एंडर खेळतो त्या संगणकीय खेळातला आरसा. त्यात एंडरला स्वतःऐवजी पीटरचा चेहरा दिसतो. 'आपण पीटर झालो तर?' ही भीती त्याला बॅटल स्कूलमध्ये सतत पोखरते. पीटर दूर पृथ्वीवर असतानाही ते नातं चालूच असतं, म्हणून आरशाचा प्रसंग पत्राच्या शेजारीच ठेवा.