किल्ली पोचली, तरी एसएसएच पासवर्ड मागतंय

भुसारवाला:
राम राम. सांगलीत गणपती पेठेत आमचं भुसाराचं दुकान. २०१९ च्या पुरात काउंटरखालचा पीसी बुडाला आणि त्याच्यासोबत उधारीची खातीही. तेव्हापासून रोज रात्री हिशोब मिरजेत दाजींच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) मशिनवर एसएसएचनं, म्हणजे दूरच्या मशिनमध्ये सुरक्षितपणे शिरायच्या सोयीनं, पाठवतो. दर वेळी पासवर्ड टाकून. आता क्रॉननं (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) आपोआप जावं म्हणून दुकानातल्या पीसीवर एसएसएच-कीजेन चालवून पासवर्डाऐवजी चालणारी किल्ल्यांची जोडी बनवली, खासगी की इथंच ठेवली, एसएसएच-कॉपी-आयडीनं पब्लिक की मिरजेला पोचवली. एक की जोडली असंही दिसलं. तरी पठ्ठ्या पासवर्ड मागतोच! चार वेळा केलं.

घाटावरचा:
सुडो (ॲडमिनचे अधिकार) लावून की बनवली का? मग ती रूटच्या, म्हणजे ॲडमिन खात्याच्या, फोल्डरात जाऊन बसते. एसएसएचला -व्ही लावून बघा, काय काय घडतंय ते दिसेल.

भुसारवाला:
सुडो नाही लावलं. -व्हीमध्ये माझी की (ईडी२५५१९ प्रकारची) पुढे केलेली दिसते. कारण काही नाही, लगेच पासवर्ड.

लॅबवाले काका:
नाकारल्याचं कारण बाहेरच्याला सांगत नाहीत हो, ते आतल्या वहीत लिहितात. मिरजेच्या मशिनवर ऑथ.लॉग ही लॉगिनच्या नोंदींची फाइल उघडा. 'बॅड ओनरशिप ऑर मोड्स' (मालकी किंवा परवानग्या चुकीच्या) असं असेल तर तिथल्या तुमच्या खात्याच्या होम फोल्डरला कुणीतरी ७७७, म्हणजे कुणालाही लिहायची परवानगी, दिलंय. होम, त्यातलं .एसएसएच फोल्डर किंवा त्यातली ऑथराइज्ड_कीज (मान्य किल्ल्यांची यादी) यांत दुसऱ्याला लिहिता येत असेल तर तो आपली की गुपचूप घुसवू शकतो, म्हणून सर्व्हर तुमचीही मानत नाही. होमला ७५५, .एसएसएचला ७००, आतल्या फाइलला ६०० द्या, म्हणजे लिहायचा हक्क फक्त मालकाला. घाईत -आर लावू नका, आतलं सगळंच बदलेल.

भुसारवाला:
काका, अगदी तेच! भाच्यानं टीव्हीवर सिनेमे दिसावेत म्हणून आख्ख्या होमला ७७७ ठोकलेलं. आता पासवर्ड न मागता आत जातोय. पण क्रॉनसाठी पासफ्रेज (खुद्द कीला लावायचा पासवर्ड) रिकामीच ठेवायची ना? दुकानात दहा माणसं येतात-जातात.

लॅबवाले काका:
रात्री पासफ्रेज टाकायला कोण बसणार? रिकामी ठेवा, पण ही की फक्त बॅकअपला. ऑथराइज्ड_कीजमध्ये त्या कीच्या ओळीच्या सुरुवातीला 'रिस्ट्रिक्ट' (जादा सवलती बंद) लिहा आणि 'कमांड'मध्ये आरआरसिंकला, म्हणजे फाइलींची ने-आण नेमल्या फोल्डरापुरतीच करू देणाऱ्या प्रोग्रामला, बॅकअपचा एकच फोल्डर नेमून द्या. पीसी चोरीला गेला तरी चोराला तेवढाच फोल्डर. आणि खासगी की व्हॉट्सॲपवर पाठवू नका. आमच्या लॅबात एकानं पाठवली होती, ग्रुपवर!

भुसारवाला:
केलं. काल अकरा वाजून चार मिनिटांनी हिशोब मिरजेत. भाच्याचे सिनेमे वेगळ्या फोल्डरात हलवलेत, तोंड फुगवून बसलाय.