मदत हवी आहे: वाढीव मावेजा वकिलांनी उचलला, आता बोट कारकुनाकडे

वडिलांची बीड जिल्ह्यातली दीड एकर जमीन पाझर तलावात गेली. वाढीव मावेजासाठी अकरा वर्षं केस चालली, निकाल आमच्या बाजूनं लागला. त्यानंतर दीड वर्ष वकिलांच्या कारकुनाचं एकच पालुपद, "दादा, सरकारनं पैसे भरलेच नाहीत अजून." शेवटी मीच कोर्टात चौकशी केली, तर ४ लाख ६२ हजार गेल्या मार्चमध्येच वकीलसाहेबांनी उचललेले!

साहेब म्हणतात, "कारकुनानं घोळ घातला, मी त्याला काढलं, त्यालाच धरा." याच कारकुनानं वडिलांच्या तीन कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या होत्या, आणि खर्चाच्या २० हजारांची पावती कॅलेंडरच्या पानामागं लिहून दिली होती. वर "साहेबांचे पंधरा टक्के ठरलेले असतात" हेही त्याचंच.

वडील ७४ वर्षांचे, वकिलाशी वैर नको म्हणतात. कारकुनाचं नाव सांगून वकील सुटतो का? ग्राहक मंचात जाऊ का?

प्रतिसाद:
ग्राहक मंच विसरा, तो रस्ता सुप्रीम कोर्टानं मे २०२४ मध्ये बंद केला. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम ३५ खाली तक्रार करा. पैसे वकीलपत्रावर उचलले गेलेत, त्यावर कारकुनाचं नाव नसतं. पक्षकाराच्या पैशाचा हिशोब ठेवणं, रक्कम आली की लगेच कळवणं आणि मागितल्यावर हिशोबाची नक्कल देणं हे वकिलाचंच काम, बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या वकिलांसाठीच्या नियमांतले नियम २५, २७ आणि ३० वाचा. निकालावर टक्के घ्यायलाही नियम २० नं बंदी आहे. चालतं सगळीकडे, ते सोडा.

कोऱ्या कागदांवरच्या सह्यांचं मात्र वकिलाला आजच लेखी कळवा, त्यांवर मागाहून काहीही लिहिलं जाऊ शकतं. उत्तर प्रदेशातल्या एका वकिलानं १९८७ मध्ये पक्षकाराचे भूसंपादनाचे ८,११८ रुपये उचलले आणि तडजोड झाल्याचं पक्षकाराच्या नावचं खोटं प्रतिज्ञापत्र दिलं. बार कौन्सिलनं त्याची वकिलीची सनद तीन वर्षं निलंबित केली होती, २००२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायमची काढली.

कौन्सिल वसुली करून देत नाही. त्यासाठी दिवाणी दावा, शिवाय पोलिसांत विश्वासघाताची फिर्याद.

धागाकर्ता:
आभार. हिशोब मागणारं पत्र आज रजिस्टर पोस्टानं टाकलं, कोऱ्या कागदांचाही उल्लेख केला. वडिलांना अजून पटलेलं नाही. कॅलेंडरचं पान मात्र त्यांनीच गादीखालून काढून दिलं.