जुनी वस्तू, तोंडी सौदा : तुमचे अनुभव लिहा

सोसायटीतल्याच एका काकांकडून सात हजारांना फ्रिज घेतला. बाराव्या दिवशी कॉम्प्रेसर गेला. काका म्हणाले, "चालू दाखवून दिला होता." वकील मैत्रीणही त्यांच्याच बाजूने! १९३० च्या मालविक्री कायद्यात दर्जाची न बोललेली हमी असते ती त्या मालाचा धंदा करणाऱ्यावर. घरातलं जुनं विकणाऱ्यावर नाही. काका व्यापारी नाहीत, म्हणून ग्राहक आयोगाचं दारही बंद. विचारल्यावर खोटं सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी. मी काही विचारलंच नव्हतं. तुमचं काय झालं?

•

स्कूटर विकली, २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या केल्या आणि विसरलो. घेणाऱ्याने नावावर केलीच नाही. दोन वर्षांनी पुण्यातल्या नो एंट्रीचं चलन माझ्या मोबाइलवर, मी नागपुरात! चलनाचं निभावलं, पण अपघात झाला असता तर? आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, भरपाई त्याच्यावर, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये म्हटलंय. विकणाऱ्यानेही १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, हे मला तेव्हा कुठे ठाऊक!

•

आमच्या वडिलांनी बाजारातून म्हैस आणली. विकणारा चार माणसांत म्हणाला, "पाच महिन्यांची गाभण आहे, डोळे झाकून न्या." डॉक्टरांनी हात घालून बघितलं, पोट रिकामं. कागद नव्हता, पण तोंडी करारही करारच, आणि कायद्याच्या लेखी म्हैससुद्धा 'माल'च. फसवून संमती घेतली असेल, तर फसलेल्याला करार मोडता येतो. वडिलांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी ती चार माणसं गोळा केली आणि म्हैस परत त्याच्या दावणीला बांधून आले. पैसे मिळाले, टेम्पोचं भाडं मात्र अंगावर.

•

सोफ्याला दोन हजार विसार दिला. पावती नाही. त्याने दुसऱ्याला विकला. विसार परत मिळाला, सोफा गेला.

•

मोबाइल घेतला, तो चोरीचा निघाला. पोलीस घेऊन गेले. जो मालकच नाही तो मला मालक कसा करणार? विकायचा हक्क असल्याची हमी घरगुती विक्रेत्यावरही असते म्हणे, पण त्याचा नंबर तेव्हापासून बंद आहे.

•

फ्रिजवाल्या ताई, चॅट नीट बघा. काकांनी काही लिहून दिलंय का?

•

बघितलं! नवऱ्याच्या मोबाइलमध्ये सापडलं, सौद्याच्या आदल्या रात्रीचं : "कॉम्प्रेसर गेल्या वर्षीच नवा टाकलाय." बिल मागितलंय. काका दोन दिवस लिफ्ट सोडून जिन्याने जातायत.