‘फॅमिलिअरिटी’ला मराठीत नेमकं काय म्हणायचं? आणि हा शब्द आला कुठून?

अनुजा_क
एका कंपनीची कागदपत्रं मराठीत करतेय. नोकरीच्या जाहिरातीत ‘फॅमिलिअरिटी विथ एक्सेल’ होतं, तिथे ‘परिचय’ लिहून टाकलं. पण वागणुकीच्या नियमांत ‘वरिष्ठांशी अनड्यू फॅमिलिअरिटी टाळा’ असं आहे, आता तिथे ‘परिचय टाळा’ लिहिलं तर लोक साहेबाला नमस्कारही करायचे नाहीत! एकच शब्द दोन्हीकडे चालेल का? आणि मूळ शब्दाचा फॅमिलीशी संबंध आहे का?

सातारकर
दुसऱ्या ठिकाणी डोळे झाकून ‘सलगी’ लिहा ताई. धाकट्याने थोरल्याशी पायरी सोडून वागणं, हे त्यात बरोब्बर येतं. मात्र ‘अवाजवी’ लावाच, कारण नुसती सलगी वाईट नसते. समर्थांनी संभाजीराजांना लिहिलेल्या पत्रात ‘शिवरायांची सलगी देणे कैसे असे’ म्हटलंय, म्हणजे मोठा माणूस आपणहून जवळ करतो तीही सलगीच, आणि तिथे तो राजाचा गुण म्हणून सांगितलाय. मला हा शब्द फार आवडतो, हल्ली कुणी वापरत नाही याचं वाईट वाटतं.

शब्दवेडा
फॅमिलीशी संबंध आहेच, पण ती फॅमिली आपल्या डोक्यातली आईबाप-पोरं नव्हे. लॅटिनमध्ये ‘फॅम्युलस’ म्हणजे नोकर किंवा गुलाम, त्यावरून ‘फॅमिलिया’, म्हणजे रोममधल्या घरधन्याच्या सत्तेखालचं सगळं खटलं, गुलामांसकट. ‘फॅमिलिआरिस’ म्हणजे त्या घरातला, मग घरच्यासारखा, जवळचा, आणि तिथून फ्रेंचमार्गे इंग्रजीत. म्हणून मला आपला ‘घरोबा’ सगळ्यात जवळचा वाटतो, तोही घरातूनच निघालाय.

मीनल_नाशिक
घरोबा दोन घरांत असतो हो, एक्सेलशी कसला घरोबा! माणसामाणसांत उठबस वाढली की ‘घसट’, त्यात घासण्याचा अर्थ आहे, सारखा संबंध येऊन येऊन झालेली जवळीक. आणि ‘परिचय’ ओळख करून देण्यापुरताच नाही बरं का, त्यात ‘चि’ धातू आहे, गोळा करणे, साठवणे, म्हणजे हळूहळू साठत गेलेली ओळख. म्हणून तर ‘अतिपरिचयादवज्ञा’ म्हणतात, म्हणजे ओळख फार वाढली की किंमत राहत नाही. त्या श्लोकात पुढे मलय पर्वतावरची भिल्लीण चंदनाची लाकडं चुलीत घालते, कारण तिच्या रोजच्या बघण्यातलं झाड तेच. इंग्रजीत हाच विचार ‘फॅमिलिअरिटी ब्रीड्स कंटेम्प्ट’ असा आहे, दोन्हीकडे लोकांना तेच जाणवलं.

जाहिरातीत मात्र सरळ ‘एक्सेलचा सराव हवा’ लिहा. ‘परिचय’ लिहिलं की नुसतं नाव ऐकलेलाही अर्ज करेल.

अनुजा_क
‘सराव’ आणि ‘अवाजवी सलगी’ फायनल करते, सगळ्यांचे मनापासून आभार. मीनल, पुढच्याच पानावर ‘ग्राहकाला फॅमिलिअर वाटेल अशी भाषा वापरा’ आहे, तिथे ‘ओळखीची’ लिहू की ‘घरगुती’?

मीनल_नाशिक
‘ओळखीची’. ‘घरगुती’ म्हटलं की लोणची-पापड आठवतात.