शब्दचर्चा: परीमावशीला द्यायचं ते काय? मोबदला, मानधन, राखण की मान?

खाजणकाठ: तळकोकणातल्या मुलांसाठी सिंड्रेलाची गोष्ट बेतायची आहे. शेवटी परीमावशीला तिच्या कामाबद्दल काहीतरी दिलं जातं, असा प्रसंग घालायचा आहे. त्या देण्याला काय म्हणावं? 'मोबदला' म्हटलं की महामार्गात गेलेल्या जमिनीचे पैसे आठवतात. 'पगार' तर बसतच नाही. वेंगुर्ला-सावंतवाडीकडे रुळलेला शब्द हवा.

तिठा: आधी मूळ गोष्टीत काय आहे ते पाहू. शार्ल पेरोच्या 1697च्या कथेत ही परी सिंड्रेलाची धर्ममाता आहे, म्हणजे नात्यातली. साहित्य बहुतेक घरचंच: बागेतला भोपळा, सापळ्यातले सहा उंदीर, गाडीवानासाठी एक घूस, नोकरांसाठी सहा सरडे. काचेचे जोडे सोडले तर परीने घातली ती फक्त विद्या आणि वेळ. त्यामुळे व्यवहाराच्या भाषेत हिशेब करायचाच झाला तर तो निव्वळ मजुरीचा होईल, साहित्यासकट उक्त्या कामाचा नाही. पण धर्ममातेला कोणी मजुरी देत नाही, म्हणून तो शब्द बाद.

देण्याघेण्याचा खरा दाखला पेरोच्याच झोपलेल्या राजकन्येच्या गोष्टीत सापडतो. तिथे बारशाला सात पऱ्या धर्ममाता म्हणून बोलावल्या आहेत. जेवणाच्या पानाशी प्रत्येकीसाठी सोन्याची पेटी ठेवली आहे आणि आत हिरेमाणकं जडवलेले चमचा, काटा, सुरी. पेट्या सातच घडवलेल्या. आठवी, म्हातारी परी न बोलावता आली, तिच्या वाट्याला पेटी उरली नाही, आणि तिथूनच शाप सुरू झाला. कोकणात याला सरळ 'मान चुकला' म्हणतात. जत्रेतल्या पहिल्या नारळावरून गावात जे वाद होतात, ते याच जातीचे.

माडबागायत: 'मान' पटतो, पण तळकोकणात याहून नेमका शब्द आहे: राखण. जागेचा, बागेचा, गावाचा जो अदृश्य राखणदार, त्याला वर्षातून एकदा ठरलेल्या जागी गाऱ्हाणं घालून, म्हणजे विनवणी करून, नारळ किंवा कोंबडा देतात. त्या देण्यालाच राखण म्हणतात. काम आणि त्या कामाचं देणं, दोन्हींना एकच नाव.

वेंगुर्ला तालुक्यातल्या आरवलीचा देव वेतोबाही इथे ध्यानात घ्यावा. तो रात्री गावाच्या रक्षणासाठी फिरतो आणि फिरून त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. म्हणून त्याला मोठाल्या चामड्याच्या चपला वाहतात. केळ्यांचा घडही वाहतात, पण तो नवसाचा. ही दोन देणी वेगळी आहेत. घड मागणं पुरं झालं म्हणून, चपला कामात झीज झाली म्हणून. 'भरपाई' हा शब्द कुठे लागू पडतो ते इथे स्वच्छ दिसतं. परीला नवी छडी दिली तर ती झिजेची भरपाई. तिच्या कर्तबाची कदर मात्र त्यात येत नाही, ती वेगळी दाखवावी लागेल.

सुपारीबाग: 'नवस' मात्र टाळा. नवसात बोली आधी होते, काम नंतर. सिंड्रेलाने काही कबूल केलेलंच नव्हतं, मग ती फेडणार काय?

बाईमाणसाला द्यायचं म्हणून ओटी सुचवते. सुईणीला बाळंतपणानंतर खण-नारळ, तांदूळ, ऐपतीप्रमाणे लुगडं देत. त्याची घासाघीस होत नसे आणि रिकाम्या हाती पाठवतही नसत. पाचवीच्या रात्री सटवी बाळाचं नशीब लिहायला येते, तिच्यासाठी पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. पाळण्याशी येऊन भविष्य ठरवणाऱ्या पऱ्यांची आपल्याकडची जोडीदारीण तीच.

तिठा: 'मानधन' कोणी सुचवायच्या आत लिहितो. तो शब्द इथे नको. 1975पासून अंगणवाडी सेविकांना 'मानधन' आणि 2005पासून गावोगावच्या आशा आरोग्यसेविकांना 'कामावर आधारित मोबदला' मिळतो, 'वेतन' नाही. त्या एका शब्दामुळे नोकरीचे हक्क दूर राहिले. अंगणवाडी सेविकांना उपदानाचा (ग्रॅच्युइटीचा) कायदा लागू आहे, हे ठरायला सर्वोच्च न्यायालयाचा 2022चा निकाल लागला. दुसऱ्याच्या लेकरांसाठी राबणाऱ्या बाईच्या कष्टाला सन्मानाचं नाव देऊन कमी पैसे द्यायचे, हे मुलांच्या गोष्टीत रुजवू नये असं मला मनापासून वाटतं. 'बिदागी' चांगला शब्द आहे, पण तो कीर्तनकार-गवयांचा. निरोपाच्या वेळी देतात ती बिदागी. इथे तर परीच्या निरोपाचा प्रसंगच नाही.

माडबागायत: क्रियापदं सांभाळा, घोळ तिथेच होतो. ओटी *भरतात*, राखण *देतात*, नवस *फेडतात*, मान *देतात* आणि *राखतात*, मजुरी *ठरवून* देतात. 'परीला मान दिला' बरोबर. 'मान दिली' लिहिलंत तर गळा कापून दिल्यासारखं होईल, कारण स्त्रीलिंगी मान म्हणजे गर्दन. 'परीची राखण केली' म्हणजे परीवर पहारा ठेवला, तुम्हाला हवं ते 'परीला राखण दिली'. 'परीचा मोबदला' यात परीने दिला की परीला मिळाला ते कळत नाही, म्हणून तिथेही 'परीला' हवं.

सुपारीबाग: एक शंका. राखण दरसाल द्यावी लागते आणि चुकली तर राखणदार कोपतो. सिंड्रेलाच्या परीची जादू रात्रीपुरती, तीही बारापर्यंतच. राखण शब्द घेतलात तर दरवर्षीचं बंधन आपोआप येईल.

माडबागायत: बरोबर. एकदाच द्यायचं असेल तर ओटी. परी पुढेही सिंड्रेलाच्या पाठीशी राहणार असेल तर राखण.

खाजणकाठ: मग असं लिहितो: 'लग्नानंतर सिंड्रेलाने परीमावशीची खणानारळाने ओटी भरली आणि झिजलेल्या छडीच्या जागी नवी छडी दिली.' राखण घेत नाही, माझ्या गोष्टीत परी पुन्हा येत नाही.

सुपारीबाग: 'खणानारळाने' ठीक. तांदूळही घाला, नुसत्या खणानारळाची ओटी अपुरी वाटते.