छोट्या कॅबिनेटसाठी मॉड्युलर पॉवर सप्लाय कोणता घ्यावा?

प्रश्न: मिनी-आयटीएक्स या छोट्या आकाराच्या मदरबोर्डवर संगणक जुळवत आहे. प्रोसेसर ६५ वॅटचा आणि ग्राफिक्स कार्ड २०० वॅटचे आहे. कॅबिनेटमध्ये पॉवर सप्लायचे एसएफएक्स आणि एसएफएक्स-एल हे दोन्ही छोटे आकार बसतात. यांपैकी कोणता निवडावा, आणि पूर्ण मॉड्युलरसाठी (ज्याच्या सगळ्या केबल वेगळ्या काढता येतात) जास्तीचा खर्च करणे योग्य ठरेल का?

उत्तर १: एसएफएक्सची खोली साधारण १०० मिलिमीटर, तर एसएफएक्स-एलची १३० असते. त्या वाढीव जागेत १२० मिलिमीटरचा पंखा मावतो, त्यामुळे आवाज सहसा कमी होतो. मात्र केबलचे कनेक्टर मागच्या बाजूने आणखी जागा घेतात आणि मदरबोर्डला जाणारी २४ पिनांची जाड केबल वळवताना ती ग्राफिक्स कार्डाला टेकू शकते, हे माहितीपत्रकात क्वचितच लिहिलेले असते. मी स्वतः १०० मिलिमीटरचाच घेईन. ६०० वॅट पुरेसे आहेत.

उत्तर २: मॉड्युलर अवश्य घ्यावा, कारण न लागणाऱ्या साटा केबल (ड्राइव्हला वीज देणाऱ्या) कोंबायला तिथे जागाच नसते. फक्त एक लक्षात ठेवावे: सप्लायच्या बाजूची पिनांची मांडणी प्रमाणित नसल्यामुळे दुसऱ्या सप्लायची केबल खोबणीत नीट बसली तरी ती वापरू नये, ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेल्यास ड्राइव्ह जळू शकते.